डावीकडून येणारे सर

आमच्या शाळेत एक सर होते. ते कुणाच्या समोरून आले नाहीत की मागून आले नाहीत. यायचे ते डावीकडून, आणि येण्याआधी तोंडानं वर्दी द्यायचे. "आलो गं, डावीकडनं आलो," असं म्हणत बाकाशेजारी उभे राहायचे आणि मगच पोरीच्या वहीत डोकावायचे. मुलांपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण शिक्षकांच्या खोलीतही त्यांची हीच तऱ्हा. तपासणीला आलेले एक साहेब वर्गात मागच्या भिंतीला टेकून उभे होते. सर "आलो साहेब, डावीकडनं" म्हणत निघाले, तेव्हा साहेब उजवीकडे सरकत सरकत थेट फळ्यापर्यंत पोचले. डावीकडूनच का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "माझा बाप डावखुरा व्हता."

मी त्या शाळेत लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नारायणगावात खोली घेऊन राहायचे आणि सकाळच्या एसटीनं पिंपळवंडीच्या पुढे आमच्या गावाला उतरायचे. बी.एड. ताजं होतं, बालमानसशास्त्राचं जाडं पुस्तक पाठ होतं, आणि आता खेड्यातल्या मुलांचं कल्याण आपल्याच हातून व्हायचंय अशी माझी खात्री होती. सर तिथे बरीच वर्षं मुरलेले. भूगोल शिकवायचे. गुडघ्याशी जरा बाकदार पाय, डोक्यावर पांढरी टोपी, उजव्या हाताच्या एका बोटाचं पेर गेलेलं. ते लहानपणी बैलाच्या दाव्यात अडकून गेलं होतं.

घर बैलगाड्यांच्या शर्यतीतलं. आमच्या भागात यात्रा म्हटली की गाडे आलेच. चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात. चार बैल जुंपायचे, पुढे एक घोडी पळवायची, आणि तिच्यामागे बैल जीव खाऊन धावतात. सरांचा बाप यातला जाणता माणूस. बेल्ह्याच्या बाजारात बैल घ्यायचा तर लोक त्याला सोबत न्यायचे. तो तोंडानं आवाज देत डावीकडून जनावरापाशी जायचा, एक फेरी मारायचा आणि त्याचा स्वभाव सांगायचा. पुढे बाप गेला, बैल गेले, मुलगा मास्तर झाला. नजर तेवढी वारशानं आली. दावणीला जनावर उरलं नव्हतं, म्हणून सरांनी ती पोरांवर चालवली.

रोज प्रार्थनेच्या आधी ते फाटकाच्या आत सुबाभळीखाली उभे राहायचे आणि येणाऱ्या पोरांकडे बघत राहायचे. एकदा मीही शेजारी जाऊन उभी राहिले.

"काय बघता सर?"

"चाल. मान. खांदा."

"आणि चेहरा?"

"चेहरा पोरं घरनं धुऊन आणत्यात बाई. त्याच्यावर काय बी घावत नाय."

माझ्या पुस्तकात त्रास देणाऱ्या मुलांसाठी 'समस्याग्रस्त बालक' असा एकच भारदस्त शब्द होता आणि त्याखाली लक्षणांची रांग. सरांकडे बापाचे शब्द होते. अंगावर धावून येतो तो मारका. भिऊन लाथ झाडतो तो बुजरा. दावं तोडून दुसऱ्याच्या रानात शिरतो तो ओढाळ. भर रस्त्यात फतकल मारतो आणि काही केल्या उठत नाही तो बसका. आणि न कुरकुरता ओढत राहतो तो गरीब. आमच्याकडे जनावराला गरीब म्हटलं म्हणजे पैशाचा संबंध नाही, ते स्वभावाचं कौतुक असतं. मला या सगळ्याचा रागच यायचा. एकदा सगळ्यांदेखत मी म्हटलं, "सर, पोरांना बैल म्हणता, शोभतं का तुम्हाला?"

"बैलाला आमी देव म्हणतो बाई. वर्साला पुजतो. तुमी पोरांना काय म्हणता?"

मी समस्याग्रस्त म्हणते, हे काही मला सांगवलं नाही.

सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत गायब व्हायचा आणि आळेफाट्याच्या स्टँडवर सापडायचा. त्याचा बाप घर सोडून गेला होता, आणि हा उभ्या असलेल्या एसटीच्या खिडक्यांमधून तोंडं बघत हिंडायचा. घरच्यांनी मारलं, शाळेत आम्ही मारलं, तरी पुन्हा तिथेच. ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, त्याला लोढणं म्हणतात. सरांनी या मुलाला लोढणं बांधलं ते त्याच्याच धाकट्या बहिणीचं. ती शेजारच्या प्राथमिक शाळेत पहिलीत होती. मधल्या सुट्टीत तिला आणायचं, जेवू घालायचं, नाक पुसायचं आणि परत पोचवायचं. पठ्ठ्या तिला घेऊनही एकदा स्टँडवर गेलाच. पण तिथे तिला शू लागली, तिनं भोकाड पसरलं आणि त्याला उलट पावली परत यावं लागलं. त्यानंतर तो गेला नाही.

दुसरा एक होता, तो घंटा वाजली की कान दाबून बाकाखाली शिरायचा. आमची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा आणि त्याच्यावर घालायची हातोडी. त्याच्या घरी रोज संध्याकाळी भांडी भिंतीवर आपटली जायची, हे गावाला ठाऊक होतं. सरांनी हातोडी त्याच्याच हातात दिली. म्हणाले, "ज्या आवाजाला बुजतो तो आवाज त्याच्याच हातात देयाचा." त्या वर्षी आमचे तास कधी सुरू होत आणि कधी संपत याला धरबंध राहिला नाही. पोराला लहर आली की घंटा. मुख्याध्यापकांचं डोकं उठलं. पोरगं मात्र बाकाखाली गेलं नाही.

सगळंच जमायचं असं नाही. दहावीतल्या एका मारक्या मुलापुढे सरांनी हात टेकले. त्यानं भिरकावलेल्या दगडाची खूण त्यांच्या भुवईवर शेवटपर्यंत होती, आणि तो मुलगा आपण होऊन शाळा सोडून गेला. कुणी भुवईचं विचारलं तर सर खरं ते सांगायचे.

एका शब्दावर मात्र ते पेटायचे. दाखला. डोईजड झालेल्या मुलाच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला ठेवायचा आणि ब्याद दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, ही सगळीकडची रीत. मुख्याध्यापकांनी दाखल्याचं नाव काढलं की सर उभे राहायचे. "माझ्या दावणीचं जनावर मी बाजारला नेणार नाय," म्हणायचे. आणि वर्ग त्यांचा असो नसो, मूल त्यांच्या दावणीचंच असायचं.

शालन आमच्याकडे आठवीत आली ती अशीच, आधीच्या शाळेनं बाजार दाखवलेली. आईनं दुसरं लग्न केलं होतं आणि पोरीला मामाकडे ठेवलं होतं. आल्या आल्या तिनं एका मुलीच्या कपाळावर कंपासपेटी हाणली, आणि चार दिवसांत शिपायाच्या हाताला चावली. चवताळलेली मांजर बरी. शिक्षकांच्या सभेत मुख्याध्यापक म्हणाले, "हिचा दाखला तयार करा." मीही मान डोलावली.

सरांनी शिपायाला बोलावलं. "चावली तवा तू कुठं उभा व्हतास?"

"पाठीमागं. दप्तर धरलं व्हतं तिचं."

मग कपाळाला पट्टी लावलेली मुलगी आली. तिनं गमतीनं शालनचे डोळे झाकले होते, मागून.

"बघा," सर म्हणाले. "मारकं जनावर पुढं येऊन मारतं. ही मागं सरता सरता मारती. ही बुजरी हाय. हिच्या पाठीला भिंत द्या."

शालनला शेवटच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून बसवलं. पण एकटीला नाही. वर्गात कोण कुणाशेजारी बसणार हे ठरवणं सरांचं वतन होतं. दर जूनमध्ये ते जोड्या लावायचे, मोडायचे, पुन्हा लावायचे. नवं खोंड जुंपायचं तर शेजारी शहाणा, मुरलेला बैल लागतो, हा बापाचा नियम. शालनच्या शेजारी त्यांनी मंगलला बसवलं.

मंगल म्हणजे शाळेची शान. तेल लावून चापून बांधलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी, कधी गृहपाठ चुकला नाही की कधी आवाज चढला नाही. प्रार्थना ती सांगायची, खडू ती आणायची, पाण्याचा माठ ती भरायची, कुणी आजारी पडलं तर घरी ती पोचवायची. वर्षापूर्वी तिचा धाकटा भाऊ तापानं गेला होता. आईनं अंथरूण धरलं, ती उठायचीच नाही, बोलायचीही नाही. पोरीनं घर सावरलं म्हणून सारं गाव तिचं कौतुक करायचं, आणि मी वर्गात तिचं उदाहरण द्यायचे. सर म्हणायचे, "ती गरीब हाय. ती असल्यावर मला घोर नाय."

जोडी जमली. शालननं चावणं सोडलं. कुणी मागून आलंच तर मंगल हळूच तिचा हात धरायची.

त्या हिवाळ्यात सहल लेण्याद्रीला गेली. पायऱ्या चढताना पोरी मोकळ्या हातांनी पुढे पळाल्या आणि त्यांच्या पिशव्या मंगलच्या दोन्ही खांद्यांवर. अर्ध्या वाटेत शालननं त्या सगळ्या पिशव्या हिसकल्या आणि पायऱ्यांवरून खाली भिरकावल्या. डबे उघडले, पोळ्या सांडल्या, माकडांची चंगळ झाली. आम्ही शालनला चांगलं झापलं. सरही बोलले. मंगल मुकाट्यानं खाली उतरली, पिशव्या गोळा केल्या आणि पुन्हा खांद्याला लावून वर आली. आम्ही म्हटलं, बघा, याला म्हणतात गुणी मुलगी.

दुसऱ्या वर्षी, भाद्रपदात, एका सकाळी मंगल प्रार्थनेला पुढे उभी राहिली. तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. पोरं हसली. तिनं पुन्हा तोंड उघडलं, आणि मग खाली बसली. मैदानाच्या मधोमध, दोन्ही हातांनी माती घट्ट धरून. मुख्याध्यापक "ऊठ, ऊठ" म्हणत राहिले. कुणी म्हणालं चक्कर आली, कुणी म्हणालं अंगात आलं, शिपाई म्हणाला देवऋषीला बोलावतो. मुख्याध्यापक तिला उचलायला वाकले आणि तेवढ्यात शालन रांगेतून सुटली. टांगलेल्या घंटेची हातोडी तिनं हिसकून घेतली, मंगलकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि हातोडी उगारली.

"कुनी हात लावू नका! तिचा खांदा दुखतोय!"

मी सरांकडे पाहिलं. खांदा हा शब्द ऐकला आणि त्यांचा चेहरा खाडकन उतरला. ते पुढे झाले, लांबून, वळसा घेऊन. "आलो गं शालन. डावीकडनं आलो." शालननं हातोडी खाली केली नाही, पण त्यांना जाऊ दिलं. सर मंगलच्या शेजारी मातीत बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. आम्ही पोरांना वर्गांत पिटाळलं. ऊन चढलं तरी ते तिथेच बसलेले.

"बसलेल्या बैलाची लोकं शेपटी पिरगाळत्यात," शेवटी ते म्हणाले. "माझा बाप आधी जू काढायचा. मंगल, आजपासनं परार्थना तुझी नाय. खडू तुझा नाय. पाणी तुझं नाय. ही शालन बी तुझी नाय."

शालन मागे न बघताच म्हणाली, "मी हाय तिची."

तेव्हा मंगल रडली. तिच्या भावाच्या मातीलासुद्धा ती रडली नव्हती म्हणे. सर तिच्याकडे बघत नव्हते, मैदानाकडे बघत होते, आणि माझ्याशी बोलल्यासारखं म्हणाले, "गरीब बैलाचा खांदा मानूस शेवटी बघतो. बापानं सांगून सांगून मला एवढंच शिकवलं व्हतं बाई, आन तेवढंच मी इसरलो. लाथा झाडणाऱ्यांच्या मागं लागलो."

शालन म्हणाली तो खांदा आम्ही सगळ्यांनी मनावरचं ओझं असाच धरला. दुसऱ्या दिवशी मंगल आली नाही. आठवडा गेला आणि तिचे वडील आले. टोमॅटो करणारा, कष्टाळू, मितभाषी माणूस. त्यांची बैलजोडी घाटात नावाजलेली. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "दाखला द्या साहेब. गावात लोकं काय बी बोलाय लागली. घरात तिची आई अशी. बास झाली शाळा, पोरगी घरीच राहू द्या." मुख्याध्यापकांनी कपाटातून दाखल्यांचं पुस्तक काढलं. सर बाजूच्या टेबलाशी उभे होते. त्यांनी शांतपणे शाळेचा शिक्का उचलला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि वर्गावर निघून गेले.

शिक्का खिशात तो खिशातच. बिनशिक्क्याचा दाखला कुठली शाळा घेत नाही आणि कुठलं हपिस मानत नाही. मुख्याध्यापक ओरडले, संस्थेकडे तक्रार करतो म्हणाले, सर म्हणाले करा. त्या दिवसांत शाळेतून कुठलाच कागद बाहेर जाईना. कुणाला बोनाफाईड हवं असेल तर मुख्याध्यापक सही करून पोराला सरांच्या वर्गात पाठवायचे. सर खिशातून शिक्का काढायचे, कागद नीट वाचून उमटवायचे आणि परत खिशात. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला छातीशी जांभळा डाग पडला, तो कधी निघाला नाही.

आणि संध्याकाळी शाळा सुटली की ते मंगलच्या घरी. मला ओढून न्यायचे. "चला बाई, पोरीशी मी काय बोलणार? तुमी आत जावा." माझी शेवटची एसटी चुकेल म्हणून मी कातावायचे आणि जायचे. वडील सरांशी बोलत नसत. सर गोठ्यात, बैलांच्या डाव्या अंगाला उभे राहायचे आणि बैलांशी बोलायचे. मी आत मंगलपाशी बसायचे. ती भाकरी करत असायची. काही विचारलं की "बरंय बाई," एवढंच. आई भिंतीकडे तोंड करून खाटेवर. मला तर वाटायला लागलं होतं की आपण उगाच हेलपाटे घालतोय. एका संध्याकाळी वाटेत मी तसं म्हटलंही.

"जनावर उठल्याबिगर मालक घरी जात नाय," सर म्हणाले आणि पाय उचलून चालू लागले.

आमच्याकडे बैलपोळा भाद्रपदाच्या अमावास्येला असतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं तो कोमट पाण्यानं शेकायचा, हळद आणि लोणी लावून चोळायचा आणि बैलांना जेवणाचं आमंत्रण द्यायचं. आम्ही पोचलो तेव्हा वडील हातात हळद-लोण्याची वाटी घेऊन बैलाचा खांदा चोळत होते. इतक्या मायेनं चोळत होते की मी दारात क्षणभर थबकले.

मी आत गेले आणि मंगलच्या शेजारी बसताना सहज तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती ओठ चावून आक्रसली. मी तिच्या झंपराचा गळा जरा बाजूला केला. दोन्ही खांद्यांवर पट्ट्याएवढी कातडी सोललेली, सुकलेली आणि परत सोललेली. फवारणीच्या पंपाचे पट्टे. पाठीवर औषधाचा पंप घेऊन ती रोज सकाळी टोमॅटोत फिरायची, मग स्वयंपाक, मग शाळा. बेंचवर शेजारी बसणाऱ्या शालनला ते दिसलं होतं. आम्हा बाकीच्यांना रिबिनी दिसल्या होत्या.

बाहेर सर विचारत होते, "भाऊ, खांदा कसाय?"

"बघा की," वडील पहिल्यांदाच बोलले, आणि आवाजात अभिमान होता. "वर्सभर वढतोय, पर एक केस गेला नाय."

मी मंगलचा हात धरला आणि तिला गोठ्यापाशी घेऊन आले. मी नुसता तिच्या खांद्यावरचा कपडा सरकवला.

वडिलांच्या बोटांवर हळद होती. ते बघत राहिले. मुलीचं दुखणं त्यांना कळलं नसतं, ताप कळला नसता, मन तर नाहीच नाही, पण जुवानं सोललेला खांदा कसा दिसतो हे त्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती. "खांदा आलाय," ते म्हणाले, जू घासून सोललेल्या बैलाबद्दल म्हणतात तसं. एवढंच. आणि वाटी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

मागून कुणीतरी चालत आलं. मंगलची आई. भिंतीचा आधार घेत ती उंबरा ओलांडून आली होती. तिनं नवऱ्याच्या हातातून वाटी घेतली, हळद बाजूला सारून बोटावर नुसतं लोणी घेतलं आणि लेकीच्या खांद्याला लावलं. मला रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरलंही नाही.

वडिलांनी बैलांकडे तोंड केलं. रीत तर पुरी करायला हवी. म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या."

"आन परवा शाळेला या," सर म्हणाले.

वडिलांनी होकारार्थी मान हलवली. ते बैलांनाही नव्हतं आणि सरांनाही नव्हतं, लेकीला होतं.

शिक्का तिसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांच्या टेबलावर होता. मंगलला वडीलच घेऊन आले, तिचं दप्तर त्यांच्या हातात. पंप त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतला. सरांनी मंगलचे खांदे नारायणगावच्या डॉक्टरांना दाखवले, आणि तिच्या आईला पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला लावलं. ती लगेच बरी झाली असं नाही, पण बसायला लागली, बोलायला लागली. मंगल नववीत कधी नव्हे ते एकदा गृहपाठ न करता आली. सरांनी शिक्षकांना पेढे वाटले.

तेव्हापासून शाळेतही खांदेमळणी सुरू झाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी सर सुबाभळीखाली बसायचे आणि शाळेतल्या शहाण्या, गुणी, कधी तक्रार न आलेल्या मुलांना एकेक करून बोलवायचे. एकच प्रश्न. "खांदा कसाय?"

"बरा हाय सर."

सर हलायचे नाहीत. पोरगं चुळबुळायचं. मग पुन्हा, तसंच, "खांदा कसाय?" दुसऱ्या वेळी कितीतरी पोरं रडली. मी सरांना विचारलं, दोनदा का विचारता? म्हणाले, "पयलं उत्तर घरच्यांनी पढवलेलं असतं." नव्यानं लागलेले शिक्षक हसायचे. मी त्यांना हसू देत नसे.

सर निवृत्त झाले तेव्हा दोन हजार साल मागे पडलं होतं. त्याच वर्षी, निवृत्तीला काही महिने उरले असताना, त्यांच्या सौभाग्यवती गेल्या. दिवस उरकले आणि दुसऱ्या सकाळी सर फाटकापाशी हजर. एक दिवस चुकले नाहीत, एक तास सोडला नाही. सगळे म्हणायचे, केवढा खंबीर माणूस. मीही म्हणायचे.

निरोप समारंभाला मैदानात मांडव घातला होता. जुने विद्यार्थी आले होते. मंगल मंचरच्या एका दवाखान्यात नर्स झाली होती. शालन एसटीत कंडक्टर, ड्यूटीवरून थेट खाकी कपड्यातच आलेली. भाषणं झाली. प्रत्येकानं सरांचं मनोधैर्य वाखाणलं. सर व्यासपीठावरून खाली उतरून लोकांत मिसळले, हसत होते, ज्याला त्याला सांगत होते, "बेस हाय. लई बेस."

मंगल गर्दीतून वळसा घालून त्यांच्या बाजूला आली. "आले सर. डावीकडनं आले."

सर हसले. "ये गं."

"खांदा कसाय सर?"

"बरा हाय की. लई बेस."

मंगल हलली नाही. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, टोपी नीट केली, कुणाला तरी हात केला. ती तशीच उभी. मग तिनं पुन्हा, हळू आवाजात विचारलं, "खांदा कसाय?"

सरांनी टोपी काढली. व्यासपीठाच्या पायरीवर बसले, आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. मंगल त्यांच्या शेजारी बसली. लोक धावले. हार घेतलेले, कॅमेरा घेतलेला, पाण्याचा तांब्या घेतलेला, "सर, काय झालं सर" म्हणणारे. शालन मध्ये आली. त्या दोघांकडे पाठ केली, आमच्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हात आडवे धरले.

"मागं व्हा. कुनी पुढं यायचं नाय."

मी हातातला हार खाली ठेवला आणि तिच्या डाव्या बाजूला, गर्दीकडे तोंड करून उभी राहिले.